वहिनीच्या बोटाचं माप

नावाडीण भर नदीत होती, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर बंद पडला.

नावाडीण कादंबरीतली. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. दिरानं बळकावलेली नवऱ्याची नाव तिनं सोडवून घेतली होती आणि पलीकडचा तीर गाठायला एकटीच निघाली होती. दुसरा खंड तिथंच संपला. वल्हं हातातून निसटलेलं, पाणी चढत चाललेलं, आणि त्यापुढे कोरा पुठ्ठा. तिसरा खंड छापायचा बाकी होता, आणि घरी आई त्याची वाट बघत बसली होती.

"झाली का गं ती पार?" लेक कामावरून आली की तिच्या चपला निघायच्या आधी आईचा प्रश्न.

"अजून नाही, आई."

"अगं, पाण्यात आहे ती! तुम्ही लोक चहा पीत बसता, आणि ती पाण्यात आहे!"

ब्रेलमधली कादंबरी अशीच खंडाखंडानं येते. कागद जाड, ठिपके फुगीर, म्हणून खिशात मावेल एवढी गोष्ट इथं उशीएवढी होते. लेक जिथं कामाला होती त्या छापखान्यात अशी उशीएवढी पुस्तकं तयार व्हायची. छापखाना म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. एकीत प्रिंटर, दुसरीत वाचकताई. प्रिंटरला शाई नव्हती. त्याच्या पोटात बोथट टोकाच्या बारीक पोलादी सुया होत्या, अक्षराच्या सहा ठिपक्यांना सहा, त्या खालून कागदाला ढुशी देत, आणि कागदावर ठिपका उठे. कागद बाहेर आला की लेक तो वाचकताईंकडे नेऊन देई. वाचकताई जन्मापासून आंधळ्या. त्यांची बोटं कागदावरून अशी जात, जशी वाऱ्याची झुळूक गव्हावरून जाते. चूक सापडली की झुळूक थांबे.

आईच्या बोटांची गोष्ट वेगळी. तिचा जन्म गेला शिवणयंत्रापुढे. डोळे गेले ते हळूहळू गेले. आधी सुईचं नेढं गेलं, मग रंग गेले, मग माणसांचे चेहरे. राहिली ती बोटं, आणि तीही कसली! सुईनं टोचून टोचून, इस्त्रीनं भाजून भाजून टोकांची कातडी अशी झालेली की चुलीवरचं भांडं तिनं फडक्याशिवाय उचलावं. "या बोटांना ब्रेल कुठलं कळायला?" शिकवायला आलेल्या बाई लेकीच्या कानाशी कुजबुजल्या होत्या. आईनं ते ऐकलं. डोळे गेल्यापासून तिला भिंतीपलीकडचंही ऐकू येई. दुसऱ्या दिवशी ती कागद मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. एक ठिपका चाचपला, एक अक्षर जमलं. एक अक्षर जमलं, एक शब्द लागला. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची, बरोबर आलं की शेजारणीला हाका मारायची. असं करत करत ती नावाडिणीच्या नावेत जाऊन बसली, आणि मग तिला उतरायचंच नव्हतं.

"मी वाचून दाखवते की पुढचं," लेकीनं एकदा म्हणून बघितलं.

"वाचून दाखवायला मी काय आजारी आहे? रेडिओ ऐकते मी, तो सगळ्यांचा. हे माझं एकटीचं. मी थांबले की ती थांबते, मी निघाले की ती निघते."

दुसरं पुस्तक ती हातात धरेना, आणि आधीचे खंड पुन्हा वाच म्हणावं, तर ते पाठ झालेले. बोट शब्दापर्यंत पोचायच्या आत ओठ पुढच्या ओळीवर. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, या वयात शिकलेली बोटं रोज चालली पाहिजेत. महिनाभर बसली की बसलीच. लेकीला धास्ती होती ती याचीच. आईनं एवढ्या कष्टानं कमावलेलं, प्रिंटर सुरू व्हायची वाट बघता बघता निसटून जाईल म्हणून.

प्रिंटर बंद पडला त्यात लेकीचाच हात होता. किंवा खरं सांगायचं तर, हात नव्हता म्हणूनच तो बंद पडला. वाचकताईंना पेन्सिलची खूण काय कामाची? त्या चुकलेल्या पानाच्या समासात स्टेपलरची एक पिन मारून ठेवत. बोट लागलं की कळावं, इथं घोटाळा आहे. ही चुकलेली पानं पुष्कळदा अर्धी कोरी असत, आणि जाड कागद महाग, म्हणून ती पुन्हा चाचणीला वापरायची रीत होती. आधी समासावरून हात फिरवायचा, पिन काढायची, मगच पान मशीनला द्यायचं. त्या दिवशी लेक घाईत होती. तिनं हात फिरवला नाही, नुसतं बघितलं. पांढऱ्या कागदावरची ती चमचमती पिन खिडकीच्या उजेडात मिसळून गेली. जिथं सगळे बोटांनी बघतात, तिथं डोळ्यांवर विसंबली ती फसली.

मशीननं एकच आवाज काढला. दाताखाली खडा यावा तसा. मग जळक्या वासाची बारीक रेघ.

कंपनीच्या माणसाला फोटो पाठवले. तो फोनवर फार गोड बोलला. "मॅडम, हेड बदलावं लागेल, सुयांचा अख्खा ठोकळाच. आतलं काही सुटं मिळत नाही, ते सील केलेलं असतं."

नव्या हेडचा आकडा आला. छापखाना चालवणाऱ्या संस्थेचे खजिनदार भला माणूस. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. चष्म्याचा दोष नव्हता.

"देणग्या गोळा करू," ते म्हणाले. "वर्षअखेरीपर्यंत जमेल काहीतरी."

"आणि तोवर?"

"तोवर... हातानं करता येतं ना?"

येतं. लेकीनं पट्टी आणि टोच्या घेऊन तिसऱ्या खंडाचं पहिलं पान हातानं टोचलं. अख्खी दुपार गेली, मनगट भरून आलं. आईनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि नाक मुरडलं. "अक्षरं झिंगलीत गं तुझी. एक इकडे पडतंय, एक तिकडे. ही नाव पार नाही व्हायची, बुडायची."

म्हणून मग लेक आत्याकडे गेली.

आत्याचं दुकान एका जिन्याखाली. पाटीवर एवढंच लिहिलेलं, 'दुरुस्ती होईल'. कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. तरुणपणी आत्या शिवणयंत्रं दुरुस्त करायची, आईचंही तिनंच केलेलं. मग पंखे आले, मग मिक्सर, मग प्रिंटर. जे आलं ते तिनं उघडलं, आणि जे उघडलं ते बंद करून परत दिलं. आपल्या कामाबद्दल तिला तिळमात्र संकोच नव्हता. "माझ्यासारखा हात या गावात दुसरा दाखव," ती गिऱ्हाइकालाच म्हणायची, आणि गिऱ्हाईक खरंच इकडेतिकडे बघायचं. आईचं आणि तिचं मात्र जन्माचं वाकडं. म्हणजे एकमेकींवाचून करमायचं नाही, आणि समोर आल्या की ठिणगी.

"वहिनीला प्रिंटर हवाय होय?" आत्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर कानावर खोचला. "तिनं माझ्याकडे माणूस पाठवला?"

"तिनं नाही, मीच आले."

"तेच म्हटलं. ती पाठवायची नाही. पाण्यात बुडेल पण माझ्या नावेत नाही बसायची." असं म्हणत म्हणत तिनं पिशवीत हत्यारं भरलीसुद्धा.

छापखान्यात हेड टेबलावर काढून ठेवलं. मुठीत मावेल एवढा काळा ठोकळा, त्याच्या सांध्यावर कंपनीचं चंदेरी सील. आत्यानं पातं लावलं तसे खजिनदार खुर्चीतून अर्धे उठले.

"ताई, सील तोडलंत तर कंपनी हात लावणार नाही याला."

"साहेब, आत्ता कुठे लावतेय? मेलेल्याचं सील कसलं जपता? उघडून बघू, जिवंत असला तर उठून बसेल."

खजिनदार परत बसले. "बघा बाई," एवढंच म्हणाले.

आत्यानं सील चिरलं, कडेनं गरम हवा दिली, डिंक सैल पडला, ठोकळ्याच्या दोन फाका झाल्या. लेक वाकून बघत होती. तिला वाटलं होतं आत काहीतरी न कळणारं असेल. आत होतं ते अगदी कळण्यासारखं. एकेका सुईमागे तांब्याच्या बारीक तारेची एकेक गुंडाळी, गुंडाळीत वीज आली की सुई पुढे, स्प्रिंगनं ओढली की मागे. शाळेच्या बाकांवर बसल्यासारख्या सगळ्या ओळीनं. त्यात एक सुई वाकलेली. तिची गुंडाळी काळी पडलेली, कारण अडकलेल्या सुईला पुढे ढकलता ढकलता ती जळून गेली होती. तिची स्प्रिंग लोंबकळलेली. बाकी सगळ्या ठणठणीत.

"हे बघ," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात वैद्याला नाडी सापडल्याचा आनंद होता. "एकाला पडसं झालंय. आणि हे म्हणतात घरदार बदला."

तिनं जळकी गुंडाळी उकलायला घेतली. जितके वेढे निघतील तितकेच नव्या तारेचे घालायचे. ते वेढे ती आकड्यांनी मोजत नसे. तिच्या स्वतःच्या बांधलेल्या ओळी होत्या, त्या ती नाकातल्या नाकात म्हणे, आणि एकेका शब्दाला एकेक वेढा जाई.

*तांब्याची बारीक तार, केसाहून नाजूक बाई*
*ओढली तर तुटेल, सोडली तर बसणार नाही*

किती वेळा ओळी झाल्या ते ती टेबलावर मणी सरकवून लक्षात ठेवी. उकलून झालं, मणी मोजले, आणि नवी तार चढायला लागली. ओळीमागून ओळ, वेढ्यामागून वेढा. तिचा अंगठा तारेला धरूनही होता आणि धरून नव्हताही, तान्ह्याची मान सावरतात तसा. लेक श्वास रोखून बघत होती. लहानपणापासून तिनं आत्याचं तोंड ऐकलं होतं. आत्याचे हात असे निवांत बसून तिनं आजवर बघितलेच नव्हते. तोंडाला जी घाई होती, तिचा मागमूस त्या हातांना नव्हता.

"झालं का?" खजिनदारांनी दारातून डोकावून विचारलं.

आत्या 'सोडली तर' वर थांबली. डोळे मिटले. मग सगळी तार उलगडली, सगळे मणी मागे सरकवले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. खजिनदार चोरपावलांनी निघून गेले, ते गुंडाळी पुरी होईपर्यंत फिरकले नाहीत.

स्प्रिंग मात्र तिनं चिमटीत धरून कचऱ्यात टाकली. "ही नवीन आण. बाजारात मिळेल, मी माप देते."

"सरळ नाही करता येणार?" लेकीनं विचारलं.

"दमलेली स्प्रिंग सरळ करता येत नाही, गं. दिसते सरळ, पण मन लावून ओढत नाही. जे दमलंय ते बदलावं, जे नुसतं दुखावलंय ते बरं करावं. मी काय हट्ट म्हणून दुरुस्ती करते का?"

शेवटी सुई. आत्यानं ती दोन पितळी ठोकळ्यांमध्ये धरली, डोळ्याला भिंग लावलं, आणि अशी सरळ केली की काचेवर ठेवल्यावर ती कुठंही उजेड सोडीना. वाकताना टोकाला कंगोरा आला होता, तो बारीक कानशीनं उतरवला, चामड्यावर घासून टोक गोल केलं. लेकीनं आणलेली नवी स्प्रिंग चढवली, फाका जोडल्या, हेड बसवलं, बटण दाबलं.

मशीन कडकडलं. सगळ्यांनी एकदम मान वर केली. कागद बाहेर सरकला, त्यावर ठिपक्यांची दाणेदार पेरणी. आत्यानं तो खिडकीशी तिरका धरला. एकेक ठिपक्यामागे एकेक चिमुकली सावली, सगळ्या एका रांगेत. वाचकताईंची झुळूक पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि कुठंही थांबली नाही.

"बिनचूक," वाचकताई म्हणाल्या.

खजिनदारांनी टाळ्याच वाजवल्या. आत्यानं हात झटकले, कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून पिशवीत टाकला. "वहिनीला सांग, कुणी केलं ते. मुद्दाम सांग."

लेक तिसऱ्या खंडाची सुरुवातीची पानं घेऊन घरी जवळजवळ पळतच गेली.

आईनं हात पुसले. पान मांडीवर नीट लावलं. बोट ठेवलं, सरकवलं, थांबलं. मागे आलं. पुन्हा सरकलं. ओठ हलले, गप्प झाले. तिनं दुसरी ओळ धरली, मग तिसरी. लेक समोर उभी, हसायच्या तयारीत.

"काय लिहिलंय हे?" आई म्हणाली. "काहीच्या काही लिहिलंय. शब्दच नाहीत हे."

"नीट बघ ना, आई. हळू."

आईनं हळू बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाळावर घाम आला. मग तिनं पानं एकावर एक ठेवली, कडा ठोकून सारख्या केल्या, जशी ती शिवलेल्या कपड्याची घडी करायची, आणि लेकीच्या हातात दिली.

"गेली गं बोटं. त्या बाई म्हणालेल्या ते खरं. बसली की बसली."

"आई, असं एका पानावरून..."

"बुडू दे तिला. नाहीतर तूच सांग तोंडानं, पोचली की नाही. मला काय, ऐकलं काय आणि वाचलं काय." आणि तिनं रेडिओ लावला, मोठ्यानं.

लेक दुसऱ्या दिवशी कामावर गेली ती ओझं घेऊनच. वाचकताईंनी पुन्हा पान बघितलं. बिनचूकच होतं. मग आईच चुकत होती? लेकीला ते पटेना. कडक बोटांनी एकेक अक्षर दामटून काढणारी ती बाई अशी एकाएकी... तिनं कपाट उघडलं. बिघाडाच्या आधी छापलेलं एका पुस्तकाचं सुटं पान त्यात पडलं होतं, मधमाश्यांवरचं, आईनं कधीही न वाचलेलं. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं काही न बोलता ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"नको म्हटलं ना!" आई करवादली. पण बोट पडायचं तिथं पडलंच. "रा... राणी... राणीमाशी पोळ्यातून..." ती थांबली. "हे काय? ही माशी कुठून आली नावेत?"

"वाच, आई. वाच तू."

आई वाचत गेली. अडखळत, पण वाचत. राणीमाशी काय खाते, कामकरी माश्या कशा नाचतात, सगळं. लेकीला रडू आलं आणि हसूही. बोटं जागच्या जागी होती. पानच लंगडं होतं.

आता हे आत्याला सांगायचं कुणी? आणि सांगून घरी परत यायचं कसं?

आत्यानं ऐकलं. आधी चेहरा लाल झाला. "वाचकताईंनी पास केलंय! त्यांच्यापुढे वहिनीचं बोट म्हणजे काय? तिला म्हणावं, शिवणयंत्र चालवताना जेवढा हात चालायचा तेवढाच..."

"आत्या, मधमाश्यांचं पान तिनं सरळ वाचलं."

आत्यानं मधमाश्यांचं पान घेतलं, नवं पान घेतलं, दोन्ही टेबलाच्या कडेला टेकवून डोळा कागदाच्या पातळीला आणला. भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"खालचा डावा," ती अखेर म्हणाली. "ज्या अक्षरात खालचा डावा ठिपका येतो, तिथं तिथं तो. बसका आलाय. केसभर. ती माझी सुई." तिनं भिंग खाली ठेवलं. "कंगोरा उतरवला ना मी. तेवढी आखूड पडली. वाचकताईंच्या बोटाला केसभरानं काय होतंय, त्यांना ठिपक्याची चाहूलही पुरते. वहिनीच्या बोटाला ठिपका भेटायला लागतो."

"मग आता? नवी सुई?"

"सुई चांगली आहे. तिच्या बुडाशी पितळेची पातळ चकती ठेवली की झालं." तिनं डबी उघडली, बंद केली. "पण किती पातळ? जास्त झाली तर कागद फाडेल, कमी झाली तर हेच रडगाणं. याचं माप माझ्या कुठल्या हत्यारात नाही." मग ती उठली आणि पायात चपला सरकवल्या. "चल. घरी आहे ना ती?"

आई खिडकीशी बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली नाही. "वन्सं आल्या वाटतं. जिना कुरकुरला."

"वहिनी, ऊठ."

"कशाला? तुमचं कौतुक ऐकायला? ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"ऊठ गं बाई." आत्यानं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा छताकडे. "माझं काम अडलंय. तुझ्या बोटावाचून अडलंय."

आई हळूच वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं नणंदेच्या तोंडून पुष्कळ काही ऐकलं होतं, हे वाक्य ऐकलं नव्हतं. तिनं ते कानात जरा घोळवलं.

"काय अडलंय म्हणालात?"

"आता पुन्हा नाही म्हणणार."

"नका म्हणू. माझी काठी कुठे गेली?"

छापखान्यात आईची खुर्ची मशीनला लागून ठेवली. आत्यानं पितळेच्या पत्र्यातून चकती कापली, काचेवर पॉलिशचा कागद पसरून त्यावर बोटानं घासली, हेड उघडलं, सुईच्या बुडाशी बसवली, हेड मिटलं. मशीन एक ओळ ठोकून थांबलं. लेकीनं कागद आईपुढे धरला.

"बसका," आई म्हणाली.

दुसरी चकती, जरा जाड. घासणं, बसवणं, ओळ.

"आहे. पण पाहुण्यासारखा आहे. दारातच उभा."

"पाहुण्यासारखा म्हणजे?" आत्या वैतागली. "मला मापात सांग."

"मी मापातच सांगतेय. शिवताना तुम्हाला मी टाका सैल म्हणायचे तेव्हा कळायचं ना? तसंच हे. आत घ्या त्याला."

तिसरी चकती. या वेळी ठिपक्यानं कागद किंचित फोडला. आईनं बोट झटकन मागे घेतलं. "अगं आई! हा तर चावतो!"

"तुझ्याच बोटाला चावला म्हणजे खरंच चावला असेल," आत्या पुटपुटली, आणि ती चकती घेऊन पुन्हा काचेशी गेली. आता ती घासत नव्हती, नुसती पुसत होती जणू. दोन फेर, बसव, ओळ. पुन्हा दोन फेर, बसव, ओळ. वाचकताई शेजारच्या खोलीतून येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खजिनदार आले, काही विचारायला तोंड उघडलं, त्यांना आपली आधीची चूक आठवली, आणि ते तसेच उभे राहिले. खोलीत फक्त पितळेचा काचेवरचा सूक्ष्म आवाज, मशीनची एकेक ठोक, आणि दोन म्हाताऱ्यांचं बोलणं. एकीचे डोळे भिंगात, दुसरीचे बोटात.

"आता?"

"उजवा शेजारी थोडा उंच वाटतोय त्याच्याहून."

"आता?"

"आता शेजारी नाही उंच. आता हा..." आईचं बोट मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा मागे. "थांबा हं, वन्सं. हलवू नका."

"मी कुठे हलवतेय?"

आईनं सगळी ओळ चाचपली. चेहऱ्यावरची गाठ सुटत गेली. तिनं नुसतं कागदावर बोट आपटलं, जसं ती पूर्वी जमलेल्या कपड्यावर आपटायची.

वाचकताईंनी त्याच ओळीवरून हात फिरवला आणि हसल्या. "मला जरा ठळक लागतंय. ओरडून बोलल्यासारखं."

"चालेल ना तुम्हाला?" लेकीनं विचारलं.

"न चालायला काय झालं? पुस्तकं काय माझ्यासाठीच छापतो आपण? म्हातारपणी शिकणारे कितीतरी असतील. त्यांना इतके दिवस आपण कुजबुजूनच सांगत होतो म्हणा की."

आत्यानं हे ऐकलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं शेवटचा स्क्रू आवळला, हात फडक्याला पुसले आणि मशीनच्या बाजूला हात कमरेवर ठेवून उभी राहिली. लेकीला कळलं, आत्या वाट बघतेय. अख्ख्या गल्लीच्या कौतुकानं जे भरत नव्हतं, ते भरायची वाट बघतेय.

लेकीनं तिसऱ्या खंडाचं पहिलं पान सोडलं. मशीन कडकडलं, कागद सरकत आला, ठिपके अजून कोमट असावेत असे ताजे. तिनं ते आईच्या मांडीवर ठेवलं.

आईनं वाचायला घेतलं. पहिली ओळ हळू. दुसरीवर ओठ हलायला लागले. तिसरीवर ती पुढे वाकली.

"कसा काय आहे ठिपका, वहिनी?" आत्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हं."

"खालचा डावा म्हणते मी. लागतोय का बरोबर?"

"अहो, कसला डावा न कसला उजवा!" आई मान वर न करता खेकसली. "तिला दोर टाकलाय कुणीतरी काठावरून, आणि तो वाहून चाललाय! गप्प बसा जरा!"

आत्या गप्प बसली. मग तिनं खुर्ची ओढली, आईच्या शेजारी टेकली, आणि लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा आत्याला उत्तर न देता हसताना पाहिलं. पदवी मिळाल्यावर माणूस हसतं तसं.

"कुणी टाकला दोर?" थोड्या वेळानं आत्यानं हळूच विचारलं.

"तेच बघतेय ना."

आईचं बोट पानाच्या शेवटच्या ओळीवर आलं, टोकाला पोचलं, कागदाच्या कडेवरून खाली उतरलं. तिनं पान बाजूला केलं आणि मशीनच्या दिशेनं हात पसरला, तळवा वर करून, घाईनं बोटं हलवत.

"दे गं पुढचं," ती म्हणाली. "दे लवकर."

लेकीनं नव्या कागदाच्या समासावरून हात फिरवला आणि तो मशीनला लावला.